वंशनोंदणी म्हणजे पैदाशीची पात्रता नव्हे

‘वंशनोंदवहीत नाव असलेला घोडा पैदाशीसाठी तपासावा लागत नाही’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. नोंदणीने केवळ मातापित्यांची खात्री पटते. हॅनोव्हेरियनसारख्या वॉर्मब्लड (युरोपात स्वारी-क्रीडेसाठी जोपासलेल्या) जातींच्या नियमांनुसार नर साधारण अडीच वर्षांचा झाल्यावर परीक्षक त्याची ठेवण, खूर आणि चाल पाहतात, क्ष-किरण चित्रांत सांध्यांत सुटलेले हाडाचे तुकडे शोधतात, आणि त्यानंतरही त्याला स्वाराखाली कामगिरी सिद्ध करावी लागते. शिवाय काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत: वॉर्मब्लडमधील नाजूक त्वचेच्या प्राणघातक आनुवंशिक विकाराचे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले घोडे) स्वतः निरोगी असतात, परंतु नर-मादी दोघेही वाहक असल्यास शिंगरू बाधित होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणूनच घोडीची जनुकीय चाचणीही तितकीच आवश्यक आहे. सुरुवातीला दिलेला तो चुकीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये.