‘दाण्यात भेसळ’ म्हणून मिळालेल्या एका स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनच्या ५०० ब्रॅकेटपैकी ४० ब्रॅकेट बोल्ट आवळताना भोकापाशी तडकले, प्लास्टिकच्या दाण्यात भेसळ आहे, माल नीट तापवला नाही आणि दोन दिवस फोन उचलला नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं आधी घेतो. फोनची चूक आमचीच. ऑर्डरचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, मग तक्रारीचाही उचलायला हवा होता. माफ करा.

तुम्ही परत पाठवलेले तुकडे मी स्वतः टेबलावर घेऊन बसलो. चाळीसच्या चाळीस एकाच जागी फुटलेत, भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत, गेटच्या (मोल्डमध्ये म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडाच्या) बरोबर विरुद्ध बाजूला. भेसळीचा माल इतक्या शिस्तीत फुटत नाही. फुटलेली कड भिंगाखाली बघा, गुळगुळीत आहे. तोच पीस पक्कडीत धरून दुसरीकडे मोडला की कड केसाळ निघते, काचेचे तंतू उपटून बाहेर आलेले दिसतात.

वितळलेलं नायलॉन कोअर पिनला, म्हणजे मोल्डमध्ये भोक घडवणाऱ्या खिळीला, धडकून दोन बाजूंनी फाकतं आणि पिनच्या मागे पुन्हा भेटतं. ती वेल्ड लाइन. तिथे प्लास्टिक प्लास्टिकला चिकटतं, पण तंतू हद्द ओलांडत नाहीत, रेघेला समांतर पडून राहतात. दोन केरसुण्या शेजारी उभ्या केल्या म्हणून त्यांच्या काड्या एकमेकींत शिरत नाहीत, तसंच. साध्या नायलॉनमध्ये ही रेघ बाकीच्या अंगाला बऱ्यापैकी तोलते. ३० टक्के ग्लासच्या मालात तिथली ताकद निम्म्यावर येऊ शकते. आणि तुमचा बोल्ट नेमका तीच रेघ उघडायला बघतो.

माल २९० अंशांवर आणि मोल्ड ८५ वर चालवला होता. आणखी तापवून जोड थोडा सुधारला असता, तंतू काही वळले नसते.

भेसळीचं म्हणाल, तर फुटलेल्यातला १० ग्रॅमचा तुकडा भट्टीत ६०० अंशांवर जाळला. मागे ३ ग्रॅमच्या आसपास पांढरी काच उरली, म्हणजे ग्लास पूर्ण आहे. रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठून उरलेलं प्लास्टिक) दळून मिसळला का, हे राखेवरून कळत नाही. आम्ही मिसळला नाही, पण त्यासाठी तुम्हाला आमचं स्टोअरचं रजिस्टर बघावं लागेल. मग त्याच गोणीतल्या दाण्याचे दहा पीस कोअर पिन काढून, भोकाविना काढले, ड्रिलने भोक पाडलं आणि तुमच्या ड्रॉइंगमधल्या टॉर्कला आवळले. एकही तडकला नाही.

आता माझी खरी चूक. पहिल्या ट्रायललाच ती रेघ मी पाहिली होती. काळा पीस दिव्याखाली तिरका धरला की केसासारखी दिसते (तुमच्या फोटोतही सुरेख आलीय). मोल्ड तुमचा, ड्रॉइंग तुमचं, आमचं फक्त जॉबवर्क, म्हणून गप्प बसलो. बोलायला हवं होतं.

पुढे काय? प्रत्येक पीस ड्रिल करणं परवडणार नाही, काच ड्रिल खाते. गेट हलवून रेघ बिनलोडच्या बाजूला नेणं सगळ्यात चांगलं, पण त्यात तुमचा मोल्ड बराच कापावा लागेल. मी सुचवतो ते असं: रेघ जिथे कडेला येते तिथे मोल्डमध्ये छोटा खिसा कोरायचा. दोन्हीकडचा माल भेटून थांबत नाही, त्या खिशात सरकतो आणि जाताना तंतूंना रेघेच्या आरपार ओढतो. खिशातला तुकडा नंतर कापून टाकायचा. अडकलेली हवा निघायला तिथेच व्हेंट. शिवाय भोकात स्टीलचा बुश (छोटी नळी), म्हणजे बोल्टचा दाब प्लास्टिकवर न येता बुशवर येईल. बुशचा खर्च तुमचा, खिसा कोरण्याचा आमचा. मोल्डला हात लावायला तुमची लेखी परवानगी लागेल.

४० पीस बदलून देतो, पण खिसा झाल्यावरचे. आत्ता दिले तर तेही तिथेच फुटतील. उरलेले ४६० लाइनवर लावू नका. शनिवारी अकरानंतर मी शेडवरच आहे, टॉर्क रेंच घेऊन या, आमचा जरा जुना झालाय.