जादूची कांडी : वापरण्यापूर्वी सूचना वाचू नयेत

कादंबरीत जादूची वस्तू घालायची ठरवलीत? उत्तम. फक्त ती चालते कशी, हे कुणाला सांगू नका. स्वतःलासुद्धा. एकदा नियम सांगितला की वाचक तो लक्षात ठेवतो, आणि वाचकासारखा भोचक प्राणी दुसरा नाही.

प्लेटो इथेच फसला. 'रिपब्लिक'मध्ये त्याने गायजीसच्या अंगठीची कळच सांगून टाकली : खडा तळहाताकडे फिरवला की माणूस गायब, बाहेर वळवला की पुन्हा हजर. आता नायक पकडला गेला की वाचक विचारणारच, "मग खडा का नाही फिरवला?" तुमची अंगठी 'योग्य वेळ आल्यावर' चालू द्या. योग्य वेळ म्हणजे शेवटून दुसरं पान.

शक्ती मात्र सढळ हाताने द्या. पहिल्या प्रकरणात तलवारीने डोंगर चिरा, विसाव्यात त्याच नायकाला कोठडीच्या गंजक्या कुलपापुढे रडत बसवा. तलवार कमरेलाच लटकतेय हे पहारेकऱ्यांना दिसत नाही, तर वाचकाला काय दिसणार!

जादूची किंमत म्हणून नाकातून रक्ताचा एक थेंब पुरे. पुढच्या परिच्छेदात तो पुसून नायक जेवायला बसतो.

आणि वस्तू फारच उपयोगी ठरली तर फोडा. 'हॅरी पॉटर'च्या 1999 सालच्या तिसऱ्या भागात काळात मागे नेणारं यंत्र एका मुलीला मिळतं. कशासाठी? जास्तीच्या तासांना बसता यावं म्हणून! अशा यंत्रापुढे पुढचं कुठलं संकट टिकणार? मग 2003 च्या पाचव्या भागात जादूच्या मंत्रालयातलं त्या यंत्रांचं कपाट मारामारीत कोसळतं, आणि सहाव्यात कळतं की सगळा साठाच गेला. एका कपाटात सगळा प्रश्न मिटला.

मला हे उशिरा सुचलं. माझ्या कथेत एक कंदील होता, कुणी खोटं बोललं की निळा होणारा. तिसऱ्याच प्रकरणात खुनी सापडायची वेळ आली, म्हणून मी घाईघाईने तेल संपवलं. हस्तलिखित वाचताना भाचीने मान वर केली.

"मामा, जादूच्या कंदिलाला तेल लागतं?"

"प्राचीन तेल."

"ते कुठे मिळतं?"

"दुसऱ्या भागात."

भाचीने कंदिलाकडे बघावं तसं माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.