कॅप्टनसाहेब, बोलायचं काय घ्याल?

परत येऊन चार दिवस झाले. कपडे धुऊन, वाळवून, कपाटात गेले, तरी डोकं शांत होत नाहीये. "क्रूझवर गेलीस, मजा केलीस, आता कुरकुर कसली" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा आणि पुढे जा.

बाबांची पंचाहत्तरी होती. त्यांना हॉल नको, शाल-श्रीफळ नको, नातेवाइकांची भाषणं तर मुळीच नकोत. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला त्यांनी. फळ्यावर रंगीत खडूने कंकणद्वीपं, म्हणजे बांगडीसारखी गोल प्रवाळबेटं काढली, मधलं खारकच्छ, म्हणजे आतलं उथळ पाणी, निळ्या खडूने घासून घासून भरलं, आणि प्रत्यक्षात एकही बेट पाहिलं नाही. म्हणून आम्ही दोघा भावंडांनी पैसे काढले आणि चार रात्रींची क्रूझ घेतली. मुंबईहून निघायचं, एक दिवस नुसता समुद्र, मग लक्षद्वीपमधलं अगत्ती, आणि परत. लक्षद्वीपला परमिट लागतं, त्यामुळे फॉर्म, फोटो, कागदपत्रं हे सगळं मीच नेरूळ ते ऑफिस आणि ऑफिस ते नेरूळ करत सांभाळलं. नवऱ्याने बॅगा उचलल्या. असो.

आई घाबरलेली. तिचं माहेर रेवसजवळचं. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ची गटारी अमावास्या त्या बाजूच्या घराघरात अजून सांगतात. सहाशेहून जास्त माणसं गेली. आई तेव्हा जन्मलीही नव्हती, पण तिच्या आजीने इतक्यांदा सांगितलंय की आईला ती लाट स्वतः पाहिल्यासारखी आठवते. तिला कसंबसं तयार केलं. "अगं, केवढं मोठं जहाज आहे, आत लिफ्ट आहेत," म्हटलं. तर म्हणे, लिफ्ट बुडत नाहीत का?

निघायच्या आधी ते धोक्याच्या सूचनांचं शिक्षण झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब. सगळं इंग्रजीत, सुपरफास्ट. मी आईच्या कानात भाषांतर केलं, तर तिने कुकरच्या शिट्ट्यांसारखं पाठ करून टाकलं. सात लहान, एक लांब, मग गॅस बंद. माझ्या आईला समजावून सांगितलं की सगळं समजतं, हे इथेच लिहून ठेवते. पुढे कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कॅप्टनसाहेबांचा आवाज आला. काय तो आवाज! खर्जातला, मखमली. आमच्या शेजारच्या टेबलावर घोडबंदर रोडचा एक मोठा ग्रुप होता, सगळ्यांचे सारखे टी-शर्ट. त्यातल्या दोघी म्हणाल्या, आवाज असा, तर माणूस कसा असेल गं! साहेबांनी सांगितलं की वेग १६ नॉट, वारा अमुक, खाली समुद्राची खोली तमुक, सूर्यास्त एवढ्या वाजता. बाबा खूश. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, लगेच नॅपकिनवर गुणाकार. साधारण तीसचा वेग आला. घोडबंदर रोडवर संध्याकाळी एवढा मिळाला तर मी पेढे वाटीन, असं त्या ग्रुपमधले एक काका म्हणाले आणि सगळे हसले. उद्या सकाळी आपण अगत्तीला, असंही कॅप्टन म्हणाले. झालं.

आता नीट ऐका. आमची केबिन जहाजाच्या डाव्या बाजूला. दक्षिणेकडे जाताना डावीकडे पूर्व येते. सकाळी बाल्कनीतून सूर्योदय दिसला होता, बाबांनी सतरा फोटो काढले होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी चहा घेऊन बाल्कनीत गेले, तर बाबा कठड्याला धरून उभे आणि समोर सूर्य मावळतोय. त्याच बाल्कनीत.

"आपण वळलोय," बाबा म्हणाले. "उत्तरेला चाललोय."

मी म्हटलं, बाबा, काहीतरी काय. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले. चौथीतल्या मुलाने पश्चिम चुकवली की बघायचे तसे.

तीन हजार रुपयांचं तिकीट नव्हतं हे. हजारो लोक बसलेत, जहाजाने तोंड फिरवलंय आणि ही बातमी आम्हाला सूर्याने दिली! कॅप्टनने नाही, रिसेप्शनने नाही, सूर्याने!

रिसेप्शनवर गेले. हसऱ्या मुलीने हसून सांगितलं, मॅम, आम्हाला अपडेट नाही. अर्ध्या तासाने नवरा गेला, तेच. तोवर तिथे शंभर माणसं जमली होती. समुद्रात मोबाइलला रेंज नाही, जहाजाच्या वायफायला वेगळे पैसे, त्यामुळे अफवा आपल्या जुन्या पद्धतीने, तोंडोतोंडी फिरत होत्या. लिफ्टमध्ये ऐकलं, कुणाला तरी हार्ट अटॅक आलाय. बुफेच्या रांगेत ऐकलं, इंजिन गेलंय. आइस्क्रीमपाशी एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की सुरक्षेची भानगड आहे, नेव्हीने अडवलंय, त्यांच्या साडूचा मित्र नेव्हीत आहे. कॅन्टीनला की आणखी कुठे, ते नाही सांगितलं. वर आकाश निरभ्र, समुद्र तलावपाळीसारखा सपाट, त्यामुळे 'हवामान' हे कारण कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आई केबिनमध्ये बसून होती. चप्पल पायात, पर्स मांडीवर. शिट्ट्या मोजायला तयार.

सहाला वळलेलं जहाज. घोषणा झाली रात्री सव्वानऊला. तीही कुठे, तर थिएटरमध्ये नाच चालू असताना आणि केबिनबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे अर्धं ऐकू येत नाही. मी दार उघडून कान लावला. "आमच्या नियंत्रणाबाहेरील हवामानामुळे... आपली सुरक्षितता सर्वोच्च... गोवा... धन्यवाद, संध्याकाळचा आनंद घ्या." वीस सेकंद. फार तर पंचवीस. तो मखमली आवाज आता असा गुंडाळत होता जसा लग्नात भटजी उशीर झाल्यावर मंत्र गुंडाळतात. हिंदीत एक शब्द नाही. मुंबईहून सुटलेलं जहाज, बहुतेक माणसं इथलीच, मराठीची अपेक्षा तर मी केव्हाच सोडलीय, पण हिंदी? कुणी तरी हाताशी असेलच ना वाचून दाखवायला? जेवणात जैन काउंटर ठेवायचं सुचतं, मग हे का सुचत नाही?

बाबा काही बोलले नाहीत. अगत्तीचा नकाशा घडी करून वहीत ठेवला. त्या घडीचा मला जास्त राग आला.

आणि आता कळसाध्याय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाला नाइट. नटूनथटून या, कॅप्टनना भेटा. आले. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. माइक हातात घेऊन पहिला विनोद केला, "मी इथे आहे, तर जहाज कोण चालवतंय?" हा विनोद, मला नंतर कळलं, जगातला प्रत्येक क्रूझ कॅप्टन करतो. लोक खो खो हसले. मग शेफचं कौतुक, कर्मचारी किती देशांतले, आणखी दोन विनोद. मी घड्याळ लावलं होतं. नऊ मिनिटं. नऊ मिनिटं बोलले! म्हणजे बोलता येतं! काल रात्री जीभ काय टाळ्याला चिकटली होती?

आणि तरी रांग लागली हो फोटोला! काल रिसेप्शनवर मूठ आपटणारे ते साडूवाले गृहस्थ रांगेत चौथे. एका फोटोचे आठशे रुपये. घोडबंदरच्या त्या दोघी म्हणाल्या, किती डाउन टू अर्थ आहेत ना! मी म्हटलं, जहाजाच्या कॅप्टनने डाउन टू अर्थ असून कसं चालेल, पण कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर आमच्या सोसायटीतल्या कॅप्टनकाकांकडे गेले. आमच्या नेरूळला या जमातीचा तुटवडा नाही. करावेजवळ चाणक्य ही व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, १९९३ पासून, तिथली पांढऱ्या कपड्यांतली पोरं सीवूड्स स्टेशनवर रोज दिसतात. काका त्याच्या आधीचे, मुंबई बंदरात नांगरलेल्या राजेंद्र जहाजावर शिकलेले. त्यांनी आधी मलाच झापलं. म्हणाले, जहाज वळवलं ते शंभर टक्के बरोबर. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर थांबतं, माणसं छोट्या होड्यांत उतरवावी लागतात. शेकडो मैलांवरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा तिथवर येतात, वर आकाश निळं असलं तरी. मोठ्या जहाजाला त्या जाणवत नाहीत, होडी मात्र दारापाशी दीड-दोन मीटर वरखाली होते. "तुझ्या आईचा पाय त्या फटीत गेला असता तर?" म्हणाले. "आणि जहाजाच्या सुरक्षेचा निर्णय हा मास्टरचाच, म्हणजे कॅप्टनचाच असतो. कंपनीच्या मालकालाही तिथे हात घालता येत नाही."

मी म्हटलं, काका, हे तुम्ही मला दोन मिनिटांत सांगितलं. मराठीत. मला पटलं. आईलाही पटेल. मग ते त्या माणसाने का नाही सांगितलं?

काका म्हणाले, अगं, आधी एजंटशी बोलायचं, गोव्यात धक्का रिकामा आहे का बघायचं, ऑफिसला कळवायचं, ते ठरेपर्यंत काय सांगणार?

हेच सांगायचं! "अगत्ती रद्द, कारण हे, पुढे कुठे ते ठरतंय, आठ वाजता पुन्हा बोलतो." संपलं! आम्ही काय लहान बाळं आहोत, की दुसरं खेळणं हातात दिल्याशिवाय पहिलं काढून घेता येत नाही? काका हसले. म्हणाले, मी मालवाहू जहाजांवर होतो, कंटेनर प्रश्न विचारत नाहीत, म्हणून सुखात तीस वर्षं काढली.

लोकांना वाटतं मी मानापमानाचं बोलतेय. नाही. १३ जानेवारी २०१२, इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली, पोट फाटलं, पाणी आत. प्रवाशांना काय सांगितलं? वीज गेलीय, बिघाड आहे, काळजी नको. जहाज सोडायचा हुकूम यायला तासाहून जास्त वेळ गेला. किनाऱ्यावरच्यांना पहिली कुणकुण लागली ती घाबरलेल्या प्रवाशांनी घरी केलेल्या फोनवरून. ३२ माणसं गेली. कॅप्टन स्केत्तिनो आधीच बोटीत उतरलेला, आणि तटरक्षक दलाचा अधिकारी फोनवर त्याच्यावर ओरडतोय की जहाजावर परत जा. १६ वर्षांची शिक्षा झाली त्याला. जहाज खडकावर नेलं ही चूक होतीच, पण तो एक तास? तो तर निव्वळ न बोलण्याचा होता.

आणि त्याच्या आधी, ऑगस्ट १९९१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी ओशियानॉस बुडाली, तेव्हा कॅप्टन आणि बरेच अधिकारी लवकर निघून गेले आणि रेडिओवर मदत मागायला उरला कोण, तर जहाजावरच्या वाद्यवृंदातला गिटारवाला. तो आणि बाकीचे कलाकार लोकांशी बोलत राहिले, त्यांना रांगेत लावत राहिले. ५७१ जण होते, सगळेच्या सगळे वाचले. गिटारवाल्याकडे सोनेरी पट्ट्या नव्हत्या. त्याच्याबरोबर फोटो काढायला मी आनंदाने आठशे देईन.

आमच्या जहाजावर तसं काहीच घडलं नव्हतं, ठाऊक आहे. पण संध्याकाळी सहा ते सव्वानऊ माझ्या आईला ते कसं ठाऊक असणार?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जा कधी. सुकाणूवरचा माणूस बनियनवर, तोंडात तंबाखू, हसण्याशी संबंध नाही. पण लाट यायच्या आधी ओरडतो, "ओ मावशी, खाली बसा, पोराला धरा, पाणी येतंय!" आणि पाणी येतं. माणूस भिजतो, पण घाबरत नाही. उतरताना त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. माझी आई रामदासच्या गोष्टी ऐकत वाढली आणि तरी आयुष्यभर त्या लाँचने माहेरी गेली. या पांढऱ्या महालात मात्र तीन तास चप्पल घालून बसली.

मला हँडसम कॅप्टन नको. विनोदी नको, माझ्या टेबलावर येऊन "हाउ इज द फूड" विचारणारा तर नकोच. खडूस चालेल, उच्चार वाकडे असले तरी चालतील. समुद्र किती खोल आहे हे दुपारी बारा वाजता नाही सांगितलं तरी चालेल. जहाज वळवलं की वळवलं म्हणून सांग बाबा. स्पीकर तुझ्याच घरचा आहे.

काल कंपनीचा फीडबॅक फॉर्म आला. केबिनची स्वच्छता, पाचपैकी गुण द्या. बुफे, पाचपैकी. मनोरंजन, पाचपैकी. कॅप्टन किती मैत्रीपूर्ण वाटले, पाचपैकी. वेळेवर माहिती मिळाली का, हा प्रश्नच नाही. शेवटी 'आणखी काही सांगायचंय?' असा एक छोटा चौकोन होता. मी दोन परिच्छेद टाइप केले, तर अक्षरमर्यादा ओलांडली म्हणून लाल झाला. मग फोन बाबांकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने सावकाश टाइप केलं आणि पाठवून टाकलं.

"सूर्यास्त फार सुंदर होता, पण चुकीच्या बाजूला."