डीपी कुणी आणली ते विचारा की

आज लातूरला एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी एक पाहुणे बसले होते, रिटायर साहेब. भातावर वरण घेता घेता म्हणाले, "सरकारचा दंडा हाय म्हणून चाललंय सगळं. महिनाभर सरकार काढून घ्या, ही खेड्यातली माणसं एकमेकाला फाडून खातील." आणि पंगतीतल्या चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. सोयऱ्याचं घर, वयानं मोठा माणूस, काय बोलणार. पण गाडीवर गावाकडं येताना डोक्यात तेच, घरी आलो तरी तेच, माय जेवायला हाक मारायलीय आणि मी इथं बसून टाइप करायलोय. लांब होईल पोस्ट. वाचा.

मागच्या रब्बीत आमची डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ६३ केव्हीएची डीपी, तिच्यावर चौदा मोटारी. रात्री आवाज झाला धडाम करून आणि सगळं शिवार अंधारात. गहू पोटऱ्यात आलेला, हरभरा फुलात, म्हणजे पाणी पाहिजे ते नेमकं त्याच आठवड्यात पाहिजे, नंतर दिलं काय नाही दिलं काय सारखंच. लाईटच्या ऑफिसला गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी थकबाकी भरा. भरली, ज्याला जमली तेवढी. तिसऱ्या दिवशी डीपी शिल्लक नाही, ऑइल नाही, गाडी नाही, नंबर लावा. मराठवाड्यात ज्याच्याकडं मोटार आहे त्याला हे नवीन नाही, त्यामुळं जास्त सांगत बसत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पारावर बसलो सगळे. नाना म्हणाले, एचपीवर वर्गणी करा. एचपीमागं ३०० रुपये, तीनची मोटार असेल त्यानं ९००, पाचची असेल त्यानं १५००. कुणी पावती मागितली नाही, कुणी सही केली नाही. नानांच्या टोपीत पैसे पडले. आमच्यात एक विधवा वहिनी आहेत, तीनची मोटार, त्यांच्याकडं त्या दिवशी पैसे नव्हते. कुणी काही बोललंच नाही, दोघांनी आपसात त्यांचे ९०० टाकून दिले आणि विषय संपला. ट्रॅक्टर कुणी दिला माहीत आहे का? ज्याच्यावर सगळे आकडेबहाद्दर, म्हणजे तारेवर आकडा टाकून लाईट चोरणारा, म्हणून बोट दाखवतात त्यानं. डिझेल पण स्वतःचं. ट्रॉलीत खाली कडबा अंथरला, त्याच्यावर जुनी पोती, आणि जळालेली डीपी त्याच्यावर निजवली, बाळंतिणीला नेतात तशी हळूहळू खड्डे चुकवत तालुक्याला नेली. ऑइल गळून कडबा काळा झाला होता, तो वास माझ्या हातातून दोन दिवस गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली घेऊन आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले, वहिनींनी तिथंच बांधावर पिठलं-भाकरी आणि ठेचा आणून ठेवलेला. चेनकप्पी लावून सगळ्यांनी वर चढवली. वायरमन सकाळी आला, जोडणी करून गेला. जोडणी त्याची, बाकी सगळं आमचं.

आता सांगा साहेब, कुणी कुणाला फाडून खाल्लं?

आणि खरी गोष्ट तर पुढं आहे. चौदा मोटारी एकदम चालू झाल्या तर डीपी परत जळणार, हे सगळ्यांना माहीत. म्हणून पाळ्या लावल्या. सात आज, सात उद्या. आठ तास लाईट, ती पण कधी दिवसा कधी रात्री. एका रात्री एकानं पाळी मोडून मोटार चालू केली. आता पाहुण्यांच्या हिशोबानं इथं कुऱ्हाडी निघायला पाहिजे होत्या. नाना गेले, त्याच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले, बिडी पेटवली, एक शब्द बोलले नाहीत. अर्ध्या तासानं त्यानं आपणहून बटण बंद केलं. परत अख्ख्या हंगामात कुणी पाळी मोडली नाही. ह्याला कोणतं कलम लावायचं?

कलमावरून आठवलं. २०१६ चा उन्हाळा विसरलात का? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सरकारनं आणलं, मान्य आहे, त्याबद्दल हात जोडतो. पण त्याच्या आधी मार्चमध्ये लातूरच्या टाक्यांजवळ काय लावलं होतं? १४४. पाण्याला जमू नका म्हणून जमावबंदी! आणि त्याच महिन्यात आमच्या गावात एकच बोअर चालू होतं, घरटी चार घागरी असं ठरलं, बाळंतीण असेल तिथं सहा, आणि मोजायला बसायच्या दोन म्हाताऱ्या, त्यांच्यासमोर पाचवी घागर भरायची हिंमत सरपंचाची पण नव्हती. तिथं पण माणसं तीच होती ना, तहान तीच होती.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. खानदेशात पांझरेच्या काठावर फड पद्धत शेकडो वर्षं चालली, बंधारा सगळ्यांचा, पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला, पाणी कुणाला कधी हे फडातल्या, म्हणजे शेतांच्या त्या गटातल्या, लोकांनीच ठरवायचं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया म्हणून शहर आहे, तिथं शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले पंच दर गुरुवारी चर्चच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात, तेही शेकडो वर्षांपासून. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ह्याच अभ्यासासाठी मिळालं, लोक सामाईक पाणी, जंगल, मासे आपापसात नियम लावून सांभाळू शकतात म्हणून. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली बाई. आमच्या नानांना ते नाव माहीत नाही, पण एचपीवर वर्गणी, पाळी आणि पाळी मोडली तर विहिरीवर जाऊन बसणं, बाई वेगळं काय सांगत होत्या?

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, मग धरण कोण बांधणार? हो बाबा, जायकवाडी वर्गणीतून झालं नसतं, मान्य. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायचं का होईना काम मिळालं आणि सुकडी मिळाली म्हणून आमची आज्जी जगली, तेही मान्य. पण धरण बांधलं म्हणजे झालं का? पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे, प्राधिकरण आहे, तरी दुष्काळ पडला की नगर-नाशिककडून जायकवाडीत पाणी सोडवायला भांडत कोर्टापर्यंत जावं लागतं. दंडा असून ही गत. आम्ही चौदा जणांनी एका रात्रीत पारावर वाटप करून टाकलं.

थोडं शांत होऊन लिहितो.

आमचे अण्णा भूकंपाच्या वेळी किल्लारीला गेले होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र होऊन पहाट व्हायलेली. इथं पण भांडी पडली होती. सकाळी बातमी आली आणि गावात कुणी दवंडी दिली नाही, मिटिंग घेतली नाही, घराघरात चुली पेटल्या. मायनं साठ भाकरी केल्या, ती अजून सांगते की घाईत पिठात मीठच टाकलं नाही, आणि जुन्या लुगड्याचा धडपा फाडून त्याच्यात बांधल्या. अण्णा आणि गावातले वीस-पंचवीस जण एका ट्रकमध्ये उभे राहून गेले. वरून पाऊस. माळवदाची घरं, भिंतीचे दगड आणि वरची माती सगळी माणसांवर. अण्णांनी हातानं दगड उचलले. ते त्याबद्दल फार बोलत नाहीत, फक्त एकदा म्हणाले होते, "आळणी भाकरीला कुणी नाव ठिवलं नाही रे." पुढं मिलिटरी आली, सरकारनं वर्ल्ड बँकेच्या पैशातून ५२ गावं नव्यानं वसवली, ते काम मोठंच, त्याला नाही म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी ट्रकमध्ये उभं राहून जा म्हणून अण्णांना कोणत्या साहेबानं ऑर्डर काढली होती? त्या ट्रकमधल्या माणसांना आज तुम्ही जनावरं म्हणालात.

हे सगळं लिहून झालं आणि पोस्ट करायच्या आधी एका मित्राला वाचून दाखवलं. शाळेपासूनचा मित्र, ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंस. पण तुमच्या चौदा मोटारींत आमची एक तरी होती का? माझी आज्जी तुमच्या विहिरीवर लांब उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. तिथं गावाचा एकोपाच होता ना? सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. अजून पण नाही. महाडचं तळं १९२७ ला आपण शाळेत शिकलो आणि गावातल्या आपल्याच विहिरीचं कुणी सांगितलं नाही. तिथं कायदाच लागला, तिथं सरकारच लागलं, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यातल्या गावांनी एकोप्यानं दलित वस्त्यांचं काय केलं ते पण मला माहीत आहे. हे मला कबूल करावंच लागतं, आणि करताना जीव जड होतो, कारण मी वर जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मला खोडायचं नाही.

पण त्याला मी एक विचारलं. म्हटलं, वस्तीतल्या हातपंपाचं काय झालं? म्हणाला, दोन वर्षं झाली बंद आहे, अर्ज दिलेत सात. सात अर्ज! कायद्यानं त्याला पाण्याचा हक्क दिला आणि पाणी काही दिलं नाही. मग राग परत आला माझा, पंगतीतला नाही, स्वतःच्या गावावरचा. दोन वर्षं आम्हाला दिसलं नाही का ते? डीपीसाठी एका संध्याकाळी टोपी फिरली, हातपंप ओढ्यापलीकडं होता म्हणून नाही फिरली.

नानांना आत्ता फोन केला. ते झोपले होते, उठवलं. आधी थोडे चिडले, मग म्हणाले, "पाईप किती खराब झालेत ते उद्या बघून घे, वॉशर गेला असंल तर शे-दोनशेचं काम हाय." आणि जरा थांबून म्हणाले, "त्याला म्हणावं, पारावर येऊन बस, आमच्या बरोबरीनं. त्याच्याशिवाय वर्गणी नाही काढायची."

तर रविवारी सकाळी सात वाजता. डीपीखालची झुडपं पण तोडायचीत, ज्यांची मोटार आहे त्यांनी कोयता घेऊन या. तिथून सगळे ओढ्यापलीकडं जाऊ. पान्हे, चेनकप्पी आणि दोर मी आणतो. वहिनींनी निरोप दिलाय, पिठलं त्यांच्याकडं. भाकरीचं पीठ घरटी एक शेर आणा.