केसांची गोष्ट बरीच नंतरची

तालियातेल्ले हा पास्ता १४८७च्या एका लग्नातल्या नवरीचे सोनेरी केस पाहून सुचला, असं या पास्त्यावरच्या एका लेखात दिलंय. गोष्ट झकास, पण ती इटलीतल्या बोलोन्या शहराचे विनोदी चित्रकार ऑगुस्तो मायानी यांनी १९३१ मध्ये रचलेली. नावात केस कुठेच नाहीत. ते आलंय इटालियन ‘तालियारे’वरून, म्हणजे कापणे. अंडी घालून मळलेल्या पिठाची भलीमोठी पोळी लाटायची, सैलसर गुंडाळायची आणि सुरीने पट्ट्या कापायच्या, झालं!

खरी गंमत १९७२ची. बोलोन्याच्या व्यापार मंडळात तालियातेल्लेच्या रुंदीची रीतसर नोंद झाली: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे तिथल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग (हा हिशोब कुणी मांडला असेल!). नमुन्याची पट्टीही चक्क सोन्याची. लेखात हे कसं सुटलं?