तोळाभर सोन्याच्या नादात चांगला बोर्ड ॲसिडात

जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. एका मशीनमध्ये तोळाभर सोनं असतं, ॲसिडात टाकून घरीच काढता येतं. तसाही इतका जुना कॉम्प्युटर दुरुस्त होत नाही, पार्टच मिळत नाहीत." काकांनी तो मला तिसऱ्यांदा पाठवला आणि खाली लिहिलं, "तुनाकडे तं बारा पडेल शेतस!"

पडलेले नाहीत काका. माझ्या बारा जुन्या कॉम्प्युटरांपैकी नऊ चालतात.

आधी सोनं, कारण आपण सराफ बाजाराच्या गावचे. 486 या जुन्या प्रोसेसरच्या काळातलं 16 बिटचं आयएसए कार्ड, म्हणजे बोर्डाच्या खाचेत बसवायचं जोडकार्ड, घ्या. त्याच्या काठाला दोन्ही बाजू मिळून 98 सोनेरी पट्ट्या असतात. एक पट्टी ढोबळमानाने पावणेदोन मिलिमीटर रुंद आणि साडेसात लांब. मुलामा चांगला असला तर पाऊण मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा. गुणाकार करा: एका कार्डावर 20 मिलिग्रॅमच्या आसपास. 10 ग्रॅमच्या तोळ्याला असली 500 कार्डं लागतील, आणि स्वस्त कार्डांवर तर मुलामा याहून पातळ. 1995 चा पेंटियम प्रो भंगारात सोन्याचा प्रोसेसर म्हणून मिरवतो, पण एक प्रोसेसर ग्रॅमभरही देत नाही.

कुणीतरी लगेच टोकियो ऑलिम्पिकच्या, जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवलेल्या पदकांचा दाखला देतं. तोही मोजून बघा. जपानभर सुमारे 79 हजार टन लहान उपकरणं जमली, शिवाय 62 लाख जुने मोबाइल. सोनं निघालं 32 किलो. टनामागे अर्धा ग्रॅमही नाही, आणि तेही कारखान्यात काढलेलं.

घरच्या ॲसिडाबद्दल मात्र मला राग येतो. सोनं साध्या ॲसिडात विरघळत नाही. त्याला अम्लराज लागतं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. त्यातून निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड लबाड असतो. सुरुवातीला नुसता खोकला येतो, फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. तोवर माणूस बरं वाटतंय म्हणून जेवायला बसलेला असतो. शिवाय बोर्डात सोन्याच्या कितीतरी पट तांबं आणि शिसं, ते सगळं त्याच ॲसिडात उतरतं. ते पाणी ओतणार कुठे, मोरीत? झारेकरी सोनारगल्लीतली धूळ धुऊन कण काढतात, हे खरं. पण ती धूळ सोनाराच्या हातातून सांडलेली असते. बोर्डाचं काम नोंदणी असलेल्या रिसायकलरचं. ई-कचरा नियम, 2022 हेच सांगतात.

आता "दुरुस्त होत नाही" याकडे येतो. मी एक 486 बोर्ड भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणला. कोपऱ्यात 3.6 व्होल्टची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी फुटलेली, कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवा थर. यावर बरेच जण खायचा सोडा लावतात. चूक! बॅटरीतून गळतं ते ॲसिड नसून अल्कली असतं, सोड्याने काहीच होत नाही. मी बॅटरी कापून काढली, लिंबू पिळून कापसाच्या बोळ्याने थर उतरवला, पाण्याने धुतलं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. मीटर बीपवर लावून बघितलं तर चार ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, तुटलेल्या. त्या जोडायला बारीक तार हवी होती. आपल्याकडे शेतातल्या मोटारींमुळे वाइंडिंगवाला गावोगावी सापडतो. त्याच्याकडून पंख्याची 36 गेजची तार आणली, टोकांचं इनॅमल खरवडलं आणि डाग दिले. बॅटरीच्या जागी बटन सेल आणि एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, लावला. डायोड विसरायचा नाही. बोर्ड त्या सेलला चार्ज करायला बघतो आणि हा सेल चार्ज होणारा नव्हे.

पॉवर सप्लायमधून बोर्डाला वीज देणारे पी 8 आणि पी 9 प्लग लावताना काळ्या तारा शेजारी-शेजारी, मध्ये. उलट झालं तर सगळी मेहनत धुरात. चालू केल्यावर आठ बीप वाजले. एएमआय बायोसमध्ये, म्हणजे चालू होताना बोर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामात, त्याचा अर्थ डिस्प्लेच्या मेमरीत घोळ. डिस्प्लेचं कार्ड काढून पुन्हा बसवलं आणि पडद्यावर अक्षरं आली. मी पूर्वी असे काठ खोडरबराने खसाखसा घासायचो. मुलामा झिजतो हे कळल्यावर आता अल्कोहोलच वापरतो. पट्ट्यांवर सोनं लावतात ते काळं पडत नाही म्हणून. तीस वर्षांनी कार्ड पकड घेतं ते त्याच 20 मिलिग्रॅमच्या जोरावर.

हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरवर चालतं. कपॅसिटर नवे मिळतात, फक्त 85 अंशांपर्यंतच्या तापमानाचे घेऊ नका. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असतात. कॉम्प्युटरच्या डब्यात किती होत असतील? मी 105 चेच टाकतो आणि उन्हाळ्यात मशीन सकाळी सातलाच चालू करतो. कोरड्या हवेचा मात्र फायदा, मुंबईकडून आलेल्या डब्यांइतका गंज इथे दिसत नाही.

पार्टांबद्दल मेसेज चार आणे खरा आहे. 1976 पासूनचा झेड 80 प्रोसेसर झायलॉगने 2024 मध्ये बंद केला. स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली यूएलए, म्हणजे खास त्याच्यासाठी बनवलेली चिप, गेली तर मूळ चिप बहुधा दुसरं मशीन मोडूनच मिळवावी लागते. माझे तीन अडलेत ते अशाच चिपांपायी. आणि पिक्चर ट्यूबचा मॉनिटर नवख्याने उघडूच नये, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात.

काकांना हे सगळं फोनवर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो खोडरबरना चुरा ठेयेल शे का रे?"