आधी पिवळं कार्ड, मग बॅगा

ठाणे आणि नवी मुंबईत आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या सोसायटीतून कोणी ना कोणी केनियाला, कोणी सिंगापूरच्या क्रूझला, तर कोणी थेट अंटार्क्टिकाला निघालेलं असतं. व्हिसा, फॉरेक्स, थंडीचे कपडे, चकल्या-शंकरपाळे, सगळ्याची यादी महिनाभर आधी तयार होते. आरोग्याच्या कागदांचा विषय मात्र निघतो तो निघण्याच्या आठवडाभर आधीच्या ग्रुप मीटिंगमध्ये, शेवटच्या पाच मिनिटांत. तोवर उशीर झालेला असतो. जास्त पैसे मोजून हे कागद लवकर मिळत नाहीत, त्यांना ठरलेले दिवस लागतातच. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबलचक आहे, पण ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी पूर्ण वाचा.

सुरुवात यलो फीव्हरपासून (पीतज्वर, डासांमुळे पसरणारा विषाणूचा ताप) करतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बहुतेकांना वाटतं की याची लस केनियात शिरण्यासाठी लागते. खरं तर आपल्याकडे हा आजारच नाही, त्यामुळे भारतातून थेट गेलेल्या माणसाला तिकडे याची अडचण सहसा येत नाही. कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र, मागतो तो आपला भारत, परतताना. यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि वैध कार्ड नसेल, तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. ९ महिन्यांपेक्षा लहान बाळांना तेवढी सूट. आपल्या टूर आठ-दहा दिवसांच्या आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण या ६ दिवसांत सापडतो.

याला बाबूगिरी म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्या. हा विषाणू पसरवतो एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. घोडबंदर रोडवरच्या बांधकामांच्या साचलेल्या पाण्यात, नेरूळ-खारघरच्या गच्च्यांवरच्या पिंपांत तो दर पावसाळ्यात असतोच. आपल्याकडे डास आहे, फक्त विषाणू नाही. संसर्ग झालेला एक प्रवासी घरी आला, ताप अंगात असताना त्याला इथला डास चावला, की साखळी सुरू व्हायला पुरेसं आहे. डास चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ६ दिवस लागतात, म्हणून नियमात ६ दिवस. 'मी घरीच थांबतो' हे चालत नाही त्याचं कारणही हेच: घरात डास असतात.

आता तारखा. लस घेतल्यावर कार्ड लगेच वैध होत नाही, १० दिवसांनी होतं. समजा २० ऑगस्टला मुंबईहून नैरोबी, २४ ला नमंगा नाक्यावरून टांझानिया (मसाई मारा आणि सेरेंगेटी एकाच टूरमध्ये असतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा हा रस्ता), २८ ला परत. टांझानिया हे कार्ड केनियासारख्या देशातून येणाऱ्यांना विचारतो. म्हणजे नमंगासाठी लस उशिरात उशिरा १४ ऑगस्टला घेतलेली हवी. १६ ला घेतली तर २८ ला मुंबईत कार्ड वैध असेल, पण त्याआधी २४ ला नमंगालाच अडकाल. आणि कागद बाजूला ठेवून शरीराचा विचार केला, तर संरक्षण तयार व्हायलाही हेच १० दिवस लागतात, म्हणून केनियात पाऊल ठेवण्याच्या १० दिवस आधी, म्हणजे १० ऑगस्टपर्यंत लस झालेली बरी. शेवटच्या तारखेपासून असं उलटं मोजत या आणि त्याच्याही महिनाभर आधी अपॉइंटमेंटच्या मागे लागा.

महिनाभर का? ही लस पाच किंवा दहा डोसांच्या कुपीत येते आणि कुपी एकदा मिसळली की ६ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. त्यामुळे केंद्रं ठरावीक दिवशी, ठरावीक संख्येनेच लोकांना बोलावतात. मसाई मारातलं प्राण्यांचं स्थलांतर बघायला जाणारे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातात, मग सगळे एकदमच नंबर लावतात.

लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायची. फॅमिली डॉक्टर कितीही नावाजलेले असले तरी त्यांचा शिक्का इथे चालत नाही. आरोग्य मंत्रालयाची केंद्रांची यादी ऑनलाइन आहे. मुंबईत विमानतळाची आरोग्य संघटना, कुलाब्याला मांडलिक रोडवरची पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय ही जुनी, माहितीची केंद्रं. ठाण्याहून भायखळा सोपं, नवी मुंबईहून हार्बरने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सीने कुलाबा. वार आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे अपॉइंटमेंट हातात आल्याशिवाय नुसतं जाऊन उभं राहू नका. मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा. पासपोर्ट व्हिसासाठी टूरवाल्याकडे अडकलेला असतो आणि लस घ्यायला माणूस झेरॉक्स घेऊन पोहोचतो, हे फार वेळा होतं. म्हणून आधी लस घ्या आणि मगच पासपोर्ट टूरवाल्याच्या हाती द्या.

कार्ड हातात आलं की काउंटरवरून हलण्याआधी तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लसीची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का. नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बायकांच्या पासपोर्टवर कधी माहेरचं आडनाव असतं, आणि फॉर्म भरताना सवयीने रोजचं नाव लिहिलं जातं. पासपोर्ट समोर ठेवूनच फॉर्म भरा. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पण सीमेवर मूळ कार्डच दाखवावं लागतं. हरवलंच, तर त्या फोटोतल्या तारखेवरून आणि बॅच नंबरवरून केंद्राला रजिस्टरमधली तुमची नोंद लवकर सापडते.

ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे, म्हणून ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, केमोथेरपी, स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, थायमस ग्रंथीचा आजार, यातलं काहीही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ६० च्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आहे, आणि आपल्या टूरमध्ये निम्मे लोक निवृत्त असतात! अशा वेळी डॉक्टरांचं सूट देणारं पत्र मिळू शकतं, पण ते मान्य करायचं की नाही हे समोरच्या देशाचा आरोग्य अधिकारी ठरवतो. माझं मत विचाराल तर पासष्टीच्या आणि औषधांवर असलेल्या माणसाने कार्डासाठी जिवाचा धोका पत्करू नये. आफ्रिकाच बघायची तर साउथ आफ्रिका, इजिप्त, मॉरिशस आहेत, तिथून परतताना हे कार्ड लागत नाही. फक्त वाटेत नैरोबी किंवा आदिस अबाबा असेल तर पुढचं नीट वाचा.

ट्रान्झिटची गोम अशी. धोक्याच्या देशात तुम्ही पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच थांबला असाल आणि आपल्या आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर भारत सूट देतो. पण लेओव्हर लांबला, विमान कंपनीने रात्रीसाठी शहरातलं हॉटेल दिलं आणि तुम्ही बाहेर पडलात, की ती सूट गेली. साउथ आफ्रिकेचा नियम याहून वेगळा: धोक्याच्या देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर कार्ड हवं. त्यामुळे तिकीट काढतानाच लेओव्हरचे तास बघा. स्वस्त तिकिटात नेमका हाच थांबा असतो.

क्रूझवाल्यांना वाटतं हे आफ्रिकावाल्यांचं प्रकरण आहे. तसं नाही. पनामा, कोलंबिया, ब्राझील, त्रिनिदाद, अर्जेंटिना हे सगळे भारताच्या यादीत आहेत. अंटार्क्टिकाची जहाजं बहुतेक अर्जेंटिनाच्या उशुआयाहून सुटतात. तिथे बर्फ आहे, डास नाहीत, तरी आपला नियम अख्ख्या देशाला लागू होतो. कॅरिबियन क्रूझमध्ये एक दिवस कोलंबियाचं कार्ताहेना बंदर असलं तरी तेच. हिशोब असा: कार्ताहेना १० तारखेला सोडलं, क्रूझ फ्लोरिडात संपली आणि १४ ला मुंबईत उतरलात, तर कार्ड लागेल. त्याऐवजी न्यू जर्सीला मुलीकडे राहून २० ला आलात, तर ६ दिवस उलटून गेलेले असतात. समुद्रमार्गे भारतात येणाऱ्यांसाठी आणखी एक कलम आहे: जहाज आधीच्या ३० दिवसांत धोक्याच्या बंदराला लागलेलं असेल आणि त्यावर ठरल्याप्रमाणे कीटकनाशक फवारणी झालेली नसेल, तर त्यावरच्या प्रवाशांनाही हाच नियम. म्हणून क्रूझच्या माहितीपत्रकात फोटो बघून झाले की बंदरांची यादी एकेक करून वाचा.

जुनं कार्ड असलेल्यांसाठी चांगली बातमी. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर वैध आहे. त्याआधीच्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी तेही चालतं, पुन्हा लस घ्यायची गरज नाही. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर कार्डावर जुना नंबर असतो, त्यामुळे जुना पासपोर्ट सोबत न्या.

आता जहाजावर चढतानाच्या तपासण्या. कोविडच्या काळात ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा, तो आता नेहमीच्या क्रूझवर मागत नाहीत. पण कंपन्यांनी अटींमध्ये तपासणी मागायचा हक्क राखून ठेवलेला असतो, आणि सरकारंही नियम रातोरात परत आणतात. भारतानेच नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर सुविधा (परदेशातून येणाऱ्यांनी भरायचा आरोग्याचा ऑनलाइन फॉर्म) बंद केली आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, सिंगापूर, थायलंडसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना पुन्हा आरटीपीसीआर लावली. परत अशी वेळ आली तर लक्षात ठेवा, तास मोजायचे ते नमुना दिल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. घरी नमुना घ्यायला येणारा माणूस आधारवरचं नाव लिहितो. त्याला पासपोर्ट दाखवा आणि रिपोर्टवर पासपोर्ट नंबर, नमुन्याची वेळ आणि क्यूआर कोड आहे का बघा.

सध्या प्रत्यक्षात भरून घेतात ती आरोग्याची प्रश्नावली: ताप आहे का, गेल्या एक-दोन दिवसांत उलट्या-जुलाब झाले का. इथे खोटं लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जहाजावर उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस पसरायला अगदी थोडे विषाणू पुरतात, आणि बुफेतला एक चमचा शेकडो हातांतून जातो. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की ती साथ म्हणून जाहीर होते. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. जहाजावर पोट बिघडलं तर डॉक्टर केबिनमध्येच थांबायला सांगतात. ओआरएसची दहा पाकिटं बॅगेत टाका, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना 'क्रूझ' हा शब्द आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च पॉलिसीत लिहिलेला आहे का ते बघा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये तुमच्याच खात्यावर चढतं.

गरोदर मुलींसाठी: बहुतेक कंपन्या २४ वा आठवडा लागला की घेत नाहीत, आणि तो मोजतात क्रूझच्या शेवटच्या दिवशी. डॉक्टरांच्या पत्रात अपेक्षित तारीख आणि 'प्रवासास योग्य' हे दोन्ही हवं.

सिंगापूरहून फिरून परत सिंगापूरलाच येणाऱ्या क्रूझमध्ये तुम्ही देशात दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, आणि एसजी अरायव्हल कार्ड, ज्यात आरोग्याचं घोषणापत्र असतं, ते प्रत्येक वेळी उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. दुसऱ्या वेळचं भरायला लोक विसरतात, कारण तोवर जहाजावरचं महागडं वायफाय घेतलेलं नसतं. शेवटच्या बंदरावर उतराल तेव्हाच भरून टाका.

मुंब्रा-भिवंडीहून उमराहला जाणाऱ्यांना मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाची सूज) एसीडब्ल्यूवाय लस सौदीत पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी हवी. आणि इंग्लंडला ६ महिन्यांपेक्षा जास्त शिकायला निघालेल्या मुलांनो, टीबीचा एक्स-रे ठाण्यातल्या कुठल्याही लॅबचा चालत नाही, ब्रिटिश सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्राचाच लागतो. एक्स-रेत काही शंका आली तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरला (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघायला) दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. सप्टेंबरचं कॉलेज असेल तर हे मे महिन्यातच करून टाका.

शेवटची मागणी टूर कंपन्यांकडे. पहिला हप्ता घेता त्याच दिवशी एक पान द्या: कोणत्या सीमेवर कोणता आरोग्याचा कागद, आणि त्यासाठी लस घ्यायची शेवटची तारीख. 'यलो फीव्हर आवश्यक' एवढं बारीक अक्षरात छापून भागत नाही. बुकिंग करणाऱ्यांनीही ते पान हातात आल्याशिवाय हप्ता देऊ नका, आणि ६० च्या पुढचं कोणी बरोबर असेल तर त्यांच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून झाल्यावरच बुकिंग पक्कं करा.